हद्द न पाळणारा व्रण

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. (वाकलं की शर्ट छातीला घासतो, त्यामुळे नमस्कार कमरेपर्यंतच झालाय, उरलेला तू मनाने पूर्ण करून घे. धाकट्यांची अर्धवट कामं पूर्ण करायची तुला सवय आहेच.) तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा नवा चष्मा सापडला का, की अजून जुना चष्मा लावून नवा शोधणं चालू आहे? आमच्याकडे सगळे ठीक. आईला हल्ली ऐकू कमी येतं, पण तिच्याविषयी स्वयंपाकघरात कुजबुजलेलं बाहेरच्या खोलीत स्वच्छ ऐकू येतं, तेव्हा काळजीचं कारण नाही. तुझी भावजय मजेत आहे. माझ्या आजारपणात ती विशेष मजेत असते, कारण मी घरी बसून ऐकून घेतो.

आता गाऱ्हाणं. ताई, गेले सात महिने मला शर्टाचं वरून दुसरं बटण लावता येत नाही. पहिलं लागतं. तिसरं, चौथं, सगळी लागतात. फक्त दुसरं नाही. तुला हे किरकोळ वाटेल, पण तू एकदा असं उघडं बटण घेऊन दुकानात बसून बघ. माणसाच्या घराला आग लागली तरी शेजारी आधी खिडकीतून अंदाज घेतात, पण कोणाचं बटण राहिलेलं दिसलं की सगळ्या मानवजातीला कर्तव्याची जाणीव होते. फोटो काढायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्या छातीकडे बोट दाखवून "बटण राहिलंय" म्हणतं. दिवसाला तीस वेळा. सत्तावीस वर्षं मी पांढऱ्या पडद्यासमोरच्या त्या स्टुलावर लोकांना बसवून बटणं लावायला सांगत आलो, हनुवटी खाली घ्यायला सांगत आलो, हसू नका म्हणून दरडावत आलो. परवा एका निवृत्त मुख्याध्यापकांना मी म्हटलं, कॉलर नीट करा. त्यांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं, नजर दुसऱ्या बटणावर आणून ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "आधी आपलं." फोटो हलला. दुसरा काढून द्यावा लागला.

हे सगळं रामायण तुला फोनवर सांगता आलं असतं. पण याचा धागा तुझ्या उजव्या कानाखालच्या व्रणापर्यंत जातो, आणि तो विषय निघाला की तुझ्याकडचं दूध उतू जातं आणि फोन बंद होतो. गेल्या वीस वर्षांत तुझ्या शेगडीवर इतकं दूध उतू गेलंय की एखादी डेअरी बुडाली असती. म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवून देता येतं, पण ते तिथेच पडून वाट बघतं. आणि घाई आहे. तुझी छोटी पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला हनुवटीवरचा तीळ काढून घेणार, असं तिनेच मला सांगितलं. त्याआधी तू हे शेवटपर्यंत वाचायला हवंस. (मधले विनोद गाळलेस तरी चालेल. तुझी भावजय तसंच करते.)

तर त्या बटणामागे, छातीच्या मधल्या हाडावर, तीन वर्षांपूर्वी एक मुरूम आला. या वयात मुरूम आला म्हणून मी आतून थोडा खूशच होतो. मुरूम आठ दिवसांत गेला, पण जाताना जागा दुसऱ्याच्या नावावर करून गेला. तिथे एक गुलाबी, गुळगुळीत, चकचकीत गाठ उरली. दाबली तर टणक, आणि खाज अशी की समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवून दात आवळायचो. आधी डाळीच्या दाण्याएवढी होती. मग शेंगदाण्याएवढी झाली. मग दोन्ही बाजूंना तिला टोकं फुटली, आणि ती टोकं, जिथे कधी मुरूम नव्हता, काहीच नव्हतं, अशा चांगल्या कातडीवरून पुढे सरकायला लागली.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या फ्रेमवाल्याचं म्हणणं, असल्या गोष्टी घासून काढायच्या असतात. त्याने बारीक नंबरचा पॉलिशपेपरही काढून दिला. (मी घासलं नाही. पण कागद हातात घेऊन आरशासमोर उभा राहिलो होतो, हे तुझ्यापासून लपवत नाही.) औषधांच्या दुकानातल्या माणसाने तीन मलमं दिली, त्यातलं एक पायाच्या भोवरीवरचं निघालं. तुझ्या भावजयीने आधी आंबट बंद केलं, मग तिखट बंद केलं, आणि तरी गाठ वाढतेय म्हटल्यावर म्हणाली, "आता तुम्ही टोमणे मारणं बंद करून बघा, तेवढंच राहिलंय." शेवटी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टर मनाने उदार आणि हाताने चपळ. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना, दहा मिनिटांत उडवतो. उडवलं. पाच टाके. मी इतका हरखलो की दर रविवारी शेजारी फूटपट्टी धरून जखमेचा फोटो काढू लागलो. (माणूस आपल्या मुलांचे काढत नाही इतके.) पहिले दोन महिने काय सुंदर रेघ होती! तिसऱ्या महिन्यात रेघ लाल झाली. चौथ्यात फुगली. सहाव्यात पाहुणा परत आला, तो खजुराएवढा होऊन, आणि टाके जिथे जिथे घातले होते त्या भोकांवर त्याची पिल्लं. कापून काढलेली वस्तू परत येताना सहकुटुंब येते, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

तेव्हा कुठे मी कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान असतील, पण बोलणं असं की मी पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं नाव हेडबाई ठेवलं. मी फोटोंचा आल्बम पुढे केला. त्यांनी तो पानं उलटून पूर्ण पाहिला (फोटोंना दाद देणारं हे पहिलंच गिऱ्हाईक) आणि विचारलं, "कापायला कोणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, कोणी नाही, मीच गेलो. त्या म्हणाल्या, "नुसतं कापून हे बहुतेक वेळा परत येतं. आणि मोठं होऊन येतं." मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, कारण त्यांची भाषा माझ्या डोक्यावरून गेली.

जखम झाली की अंग आतून गवंडी लावतं. तो खड्डा भरतो, वरून सारखं करतो, थापी धुतो आणि घरी जातो. त्याच्या कामाची जी निशाणी राहते तो साधा व्रण. काहींचा गवंडी जरा जास्त माल ओततो, मग व्रण उंच होतो, पण जखमेच्या हद्दीतच राहतो आणि बरेचदा काळाने बसतो. आपला गवंडी तिसऱ्या जातीचा. याला काम संपलं म्हणून सांगायला कोणी येतच नाही. खड्डा भरला, भिंत झाली, तरी हा बांधतोच आहे, शेजाऱ्याच्या अंगणात पाया घालतोय. याला केलॉइड म्हणतात. तो कर्करोग नाही, संसर्गाचा नाही, मला हात लावून कोणाला होत नाही. छाती, खांदे, कानाच्या पाळ्या, जबडा या त्याच्या आवडत्या जागा. कोणाला मुरमाने होतो, कोणाला कान टोचल्याने, कोणाला ऑपरेशनच्या चिरेवर, आणि कोणाला साध्या खरचटण्याने. होतो तो कातडीच्या स्वभावाने, आणि हा स्वभाव पुष्कळदा घराण्यातून येतो.

"घरात आणखी कोणाला आहे?" हेडबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. एका क्षणाचाही विचार न करता. त्यांनी कागदावर तसं लिहिलंही. मग शर्ट घालता घालता (दुसरं बटण सोडून) मी गप्पा मारायच्या म्हणून म्हणालो, तसा माझ्या ताईच्या कानाखाली आहे एक. पण तो वेगळा. तो तिने खाजवून वाढवलेला.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "असं कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे."

"सगळे म्हणजे कोण?"

"बाबा म्हणायचे. काका, आत्या. घरातले सगळेच."

"त्यांनी बघितलं होतं तिला खाजवताना?"

"नाही, त्यांना..." इथपर्यंत मी आलो आणि थांबलो. त्या वाट बघत होत्या. शेवटी मी म्हटलं, "त्यांना मी सांगितलं होतं."

हेडबाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या की खाजवणं काही चांगलं नाही, कोवळी जखम चिघळू शकते. पण पोरं सगळीच खपल्या काढतात, सगळ्यांच्या गालावर असं उगवत नाही. उलट या व्रणालाच खाज सुटते. तुम्ही आधी काय आणि नंतर काय ते उलटं लावलंत. "तुमची छाती तुम्ही खाजवून केलीत का ही?" मी म्हटलं, नाही, मुरूम होता. "मग त्यांनीच का बरं खाजवून केला असेल?" एवढं बोलून त्यांनी मघाचं "नाही" खोडलं आणि वर "बहीण" असं लिहिलं.

आता उपचार. त्या गाठीतच स्टिरॉइडचं इंजेक्शन, दर चार आठवड्यांनी. पहिल्या वेळी सुई आत जाईना. टणक रबरात टोचल्यासारखं. मी छताकडे बघून पंख्याची पाती मोजत होतो. तीनच होती, पण मी सतरापर्यंत गेलो. खरं तर फार काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं. घरी दिवसरात्र लावायची सिलिकॉनची पट्टी दिली आहे, मऊ, पारदर्शक, रोज धुऊन पुन्हा लावायची. (छातीवर केस असलेल्या पुरुषाने ती पट्टी कशी काढावी याविषयी पुस्तिकेत एक अक्षर नाही.) तीन इंजेक्शनं झाली. खाज गेली आहे, ताई. पूर्ण गेली. गाठ मऊ झाली आहे, माथा बसायला लागलाय. हेडबाई शब्द देत नाहीत: म्हणतात, चपटी होईल, कदाचित कातडी तिथे थोडी पातळ आणि फिकी दिसेल, काही वर्षांनी परत डोकं वर काढलं तर परत यायचं. कोणाची गोठवून कमी करतात. आणि कापायचीच वेळ आली तर कापल्यावर लगेच इंजेक्शनं किंवा किरणांचे उपचार जोडतात, नुसती कापून सोडून देत नाहीत. मी विचारलं, चाळीस वर्षांची जुनी असेल तर? म्हणाल्या, जुनीला वेळ लागतो, पूर्ण जाईलच असं नाही, पण खाज आणि ठणका तरी कशाला सोसायचा. मग त्यांनी विचारलं, बहिणीचे जुने फोटो आहेत का, कसकसा वाढत गेला ते दिसेल.

मी छाती फुगवून (जितकी फुगवता येते तितकी) म्हटलं, बाई, मी फोटोग्राफर आहे. तिचे सत्तावीस वर्षांचे फोटो माझ्याकडे आहेत.

ताई, ते फोटो मी रविवारी काढून बसलो. काकांच्या साठीचा, छोटीच्या बारशाचा, भावोजींच्या नव्या दुकानाचा. एकाही फोटोत तुझ्या कानाखाली काहीही नाही. एकाही नाही. कारण प्रत्येक फोटो तुला देण्याआधी मी तो साफ केलेला. सुरुवातीला ब्रशने रंग भरून, पुढे कॉम्प्युटरवर. तू कधी सांगितलं नव्हतंस. मला वाटायचं, मी तुझ्यावर उपकार करतोय, तेही न बोलता, म्हणजे डबल उपकार. तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हाच्या मोठ्या फोटोत तर मी डावीकडची कातडी उचलून उजवीकडे बसवली आहे. त्या फोटोत तुला दोन डावे गाल आहेत. तो तुला दिला तेव्हा तू बराच वेळ बघत होतीस आणि म्हणालीस, "छान आलाय रे. कोण आहे ही?" मी खूप हसलो होतो. मला तो विनोद वाटला होता.

मग निगेटिव्हचे डबे काढले. निगेटिव्हला मी कधी हात लावत नाही, धंद्याचा नियम. दिव्यावर एकेक धरून बघितली. त्यात तू होतीस. एका वर्षी तो व्रण मुगाएवढा, पुढच्या डब्यात चवळीच्या दाण्याएवढा, मग गालाच्या कडेने खाली उतरलेला. आणि दुसरी एक गोष्ट दिसली, जी साफ केलेल्या फोटोत कळत नव्हती. तू प्रत्येक वेळी मान थोडी फिरवलेली आहेस. सत्तावीस वर्षं तू माझ्या कॅमेऱ्याला डावा गाल देत आलीस, आणि मी मागून "वा, अशीच राहा" म्हणत आलो.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. इथे कंस नाहीत.

तू बारा वर्षांची होतीस, मी आठ. फाटकाची कडी लागून तुझ्या जबड्याशी चीर पडली, तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, हात लावू देऊ नका. बाबांनी तो कायदा केला. रात्री झोपेत हात जाऊ नये म्हणून तुझ्या हातांवर मोजे चढवून फितीने बांधायचं ठरलं, आणि दिवसा लक्ष ठेवायला मला नेमलं. ताईचा हात तिकडे गेला की मला येऊन सांगायचं. तुला आठवत असेल, दर रविवारी भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचा मान तुझा होता. स्टुलावर चढून, मोजून बारा फेरे. बाबांनी जाहीर केलं की ज्या आठवड्यात हात गेला त्या आठवड्यात किल्ली धाकटा देणार.

मी अकरा वेळा सांगितलं. त्या अकरापैकी एकदा तुझ्या गालावर माशी बसली होती आणि तू ती हाकललीस. बाकीच्या दहा वेळा माशीही नव्हती. मला किल्ली द्यायची होती. मी स्टुलावर चढायचो तेव्हा तू दाराशी उभी राहून फेरे मोजायचीस, किल्ली फिरवताना माझा आकडा चुकायचा म्हणून. पुढे व्रण वाढायला लागला, आणि बाबांनी एका वाक्यात निकाल दिला: हिच्या हाताला दम नाही. ते वाक्य मग घरात फिरत राहिलं. तुझी भाकरी करपली तरी तेच, तुझं कॉलेज सुटलं तरी तेच. मी मोठा झालो तसा खरोखरच समजू लागलो की तू खाजवलं होतंस. आपण रचलेली गोष्ट इतकी वर्षं इतक्या जणांच्या तोंडून ऐकली की ती बघितल्यासारखी आठवायला लागते.

आणि आता छोटी. तिने मला फोनवर हसत सांगितलं, "मामा, आई म्हणते तीळ काढल्यावर बोट लावायचं नाही, मी लावलं म्हणून माझं असं झालं." मी विचारलं, तुझ्या डॉक्टरांनी विचारलं का, घरात कोणाला व्रण वाढायचा त्रास आहे का म्हणून? तर म्हणाली, "हो, फॉर्मवर होतं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, नाही, माझा तसला नाही, माझा माझ्या हाताने झालाय. मग मी 'नाही' लिहिलं."

ताई, तुझा तसलाच आहे. तुझा आणि माझा एकच आहे. तू हाताने केलेला नाहीस, आणि त्या फॉर्मवर "नाही" लिहिणं बरोबर नाही. छोटीला तो मिळालाच असेल असं नाही. हेडबाई म्हणतात, घरात असला म्हणजे प्रत्येकाला होतोच असं नसतं. पण काढणाऱ्या डॉक्टरांना आधी माहीत हवं. तीळ रंग बदलत असेल, वाढत असेल, तर तो काढून तपासायलाच हवा, आणि मग ते त्या तयारीने काढतील, पुढे लक्ष ठेवतील. नुसता दिसायला नको म्हणून काढायचा असेल तर ती मुलगी आधी तुझ्या गालाकडे आणि माझ्या छातीकडे नीट बघून घेऊ दे. तीळ बरा की व्रणाची जोखीम बरी, ते तिने ठरवावं. पण खरी माहिती हातात घेऊन ठरवावं.

एवढंच. तू रागावलीस तर मी समजू शकतो. पत्र फाडलंस तर आधी छोटीचा मजकूर वेगळा काढून ठेव.

तुझा धाकटा

ता. क. वर मी लिहिलंय की इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं लागतं. ते खोटं आहे. पहिल्या इंजेक्शनला मी ओरडलो, बाहेर रांगेत बसलेल्या दोघी जणी उठून घरी गेल्या, आणि हेडबाईंनी मला सांगितलं की यापेक्षा शाळकरी मुली शांत बसतात. दुसऱ्यापासून त्या आधी बधिर करतात. तुला पहिल्यापासूनच करतील, मी बोलून ठेवलंय.

ता. क. २. "बोलून ठेवलंय" यावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. या महिन्याच्या पंचवीस तारखेला, सकाळी साडेअकरा, माझ्या नंबरानंतरचा नंबर तुझा आहे. येताना छोटीला आण, म्हणजे दहा तारखेआधी तिचंही विचारून होईल. यायचं नसेल तर येऊ नकोस, पण मग तूच फोन करून तसं सांग. आणि त्या वेळी शेगडीवर काही ठेवू नकोस. फोटो मी नेणार नाही. हेडबाईंना बघायचा असेल तर तुझा गाल तू स्वतः दाखव, डावा की उजवा ते तुझं तू ठरव.

ता. क. ३. काकांना आणि आत्याला वेगळी पत्रं टाकली आहेत, त्यांत त्या अकरा वेळांचा मजकूर जसाच्या तसा आहे. बाबांना आता सांगता येत नाही. आईला परवा दुपारी सांगितलं. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही, म्हणून मी परत मोठ्याने सांगायला लागलो, तर म्हणाली, "ओरडू नकोस. ऐकलं." चादरीची घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "मोजे मी सोडायची रे. हे झोपले की उठून सोडायची आणि पहाटे परत बांधायची. रात्रभर हात मोकळे असायचे पोरीचे. एकदाही तिकडे नाही गेले."

मी विचारलं, तुला ठाऊक होतं, तर तेव्हा बोलली का नाहीस?

"तू लहान होतास," ती म्हणाली. "खोटा पडला असतास. मला वाटलं, ती मोठी आहे, ती सोसेल."

मग तिने पुढची चादर उचलली. नंतर म्हणाली, हे तिला मीच सांगेन, तू लिहू नकोस. मी लिहिलं. तिची एवढी एक गोष्ट मी पाळली नाही, त्याबद्दल तिचं मी बघून घेईन; पण तू फोन उचलशील तेव्हा तुला आधी माहीत असावं की ती काय सांगायला धडपडतेय. तिला ते सोपं जाणार नाही. मध्येच ती घड्यांचं, पाण्याच्या टाकीचं, शेजारणीचं काढेल. तू फोन ठेवू नकोस.